असई : दोन नद्यांच्या बेचक्यांतील गांव

जालना जिल्ह्याच्या उत्तर भागांत, भोकरदनच्या पूर्वेस चार कोसांवर, असई म्हणून एक लहानसें गांव आहे. जालना शहरापासून सरळ उत्तरेस मोजलें तर तें सुमारें अठ्ठावीस मैल, म्हणजे हल्लींच्या हिशेबानें पंचेचाळीस किलोमीटर भरतें. याच जिल्ह्यांत श्रीसमर्थ रामदासस्वामींचें जन्मगांव जांब आहे. राजूरचा गणपति आहे. तेथें वर्षभर यात्रा लोटते. असईस मुद्दाम जाणारा मनुष्य विरळा. आणि तरीही स्कॉटलंडच्या दोन पलटणींनीं या गांवाचें नांव आपल्या निशाणावर अभिमानानें मिरवलें. आपल्याकडील सुशिक्षित घरांतल्या मुलास वॉटर्लू कोणत्या देशांत आहे हें सांगतां येतें. असई कोणत्या जिल्ह्यांत आहे हें वाचकांनीं आपल्या घरीं एकदां विचारून पाहावें.

या गांवाचा भूगोल आधीं नीट समजला पाहिजे, कारण त्याचा इतिहास सगळा त्या भूगोलांतून निघालेला आहे. उत्तरेस अजिंठ्याचा डोंगर पूर्वपश्चिम पसरला आहे. त्याच्या दक्षिणेकडच्या उतारावरून निघणारें पाणी पूर्णेकडे धांवतें. ही पूर्णा म्हणजे गोदावरीस मिळणारी. वऱ्हाडांतून वाहत जाऊन तापीस मिळणारी पूर्णा निराळी. नांव एकच असल्यामुळें परीक्षेंत मुलें या दोघींची गल्लत करतात, आणि कधींकधीं मोठी माणसेंही करतात. असो. आपल्या पूर्णेस मिळणाऱ्या प्रवाहांपैकीं केळणा ही भोकरदनवरून पूर्वेकडे जाते. तिच्या उत्तरेच्या अंगानें जुई नदी येते. दोघी कांहीं अंतर राखून चालतात, हळूंहळूं एकमेकींजवळ सरकतात आणि असईच्या पूर्वेस एक होतात. पुढें तो एकत्र प्रवाह केळणेच्या नांवानें जाफराबादेजवळ पूर्णेस मिळतो. या दोन नद्यांमध्यें जी जमीन सांपडते तिचा आकार झाडाच्या बेचक्यासारखा आहे; आणि बेचक्याच्या चिंचोळ्या भागांत, जुईच्या दक्षिण तीरावर, असई वसलें आहे. तेथें दोन्ही नद्यांमधील अंतर मैलभराच्या आसपास आहे.

दोन नद्यांच्या संगमास आपण तीर्थ मानतों. सेनापतीच्या दृष्टीनें मात्र तेंच स्थळ पेंचाचें असतें, कारण दोन्ही बाजूंस पाणी आणि पाठीमागें जागा नाहीं. त्यांतून हा प्रदेश काळ्या मातीचा. ही माती चिकट व खोल आहे, आणि नदी ती कापीत जाते तेव्हां कांठ उभे राहतात. केळणा किंवा जुई ही कांहीं गंगा-यमुना नव्हे. उन्हाळ्यांत त्यांच्या पात्रांतून गुरें चरत जातात. पण पावसाळ्याच्या अखेरीस पाणी असतें, आणि पाण्यापेक्षां कांठांची अडचण मोठी. एकटा मनुष्य कोठूनही घसरत उतरून पलीकडे जाईल. भरलेला गाडा किंवा तोफ तशी उतरत नाहीं. तिला उतारच पाहिजे, म्हणजे जेथें कांठ सैल झालेला आहे, तळ घट्ट आहे आणि वर्षानुवर्षें गाड्यांच्या चाकांनीं वाट केली आहे अशी जागा. हा उतार हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

हा टापू अलीकडे प्रसिद्धीस आला असें समजूं नये. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. पुराणांत दक्षिणापथांतील लोकांची जी यादी येते तींत भोगवर्धनांचें नांव आहे, आणि सांची येथील स्तूपास दान देणाऱ्यांच्या लेखांतही या नगराचा उल्लेख आढळतो. केळणेच्या कांठीं खडकांत कोरलेलें वैष्णव लेणें आहे. इ. स. १९७३ च्या सुमारास तेथें नागपूर व मराठवाडा या विद्यापीठांच्या वतीनें उत्खनन झालें, डॉ. शां. भा. देव व डॉ. रमेश गुप्ते यांनीं त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्या उत्खननांत सातवाहनकालीन हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक भाग मिळाला. इटलींतील पाँपी हें शहर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. त्या राखेंतून निघालेली भारतीय हस्तिदंती मूर्ति आणि भोकरदनची ही मूर्ति यांची जात एक आहे. केळणेच्या कांठचा कारागीर आणि रोमन श्रीमंताचा दिवाणखाना यांचा संबंध इतका जुना आहे. तेव्हां अठराशें तीन सालीं आयर्लंडांत जन्मलेला एक सेनापति, हॅनोव्हरचा एक जर्मन आणि स्कॉटलंडचे डोंगरी शिपाई या कांठावर येऊन भिडले, यांत दूरदेशीचा संबंध ही गोष्ट कांहीं नवी नव्हती. संबंधाचा प्रकार तेवढा बदलला होता.

आतां त्या सालाकडे वळूं. इ. स. १८०२ च्या ऑक्टोबरांत यशवंतराव होळकरांनीं पुण्याजवळ हडपसरला शिंदे व पेशवे यांच्या फौजा मोडल्या. दुसरे बाजीराव वसईस इंग्रजांकडे गेले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजीं त्यांनीं वसईच्या तहावर सही केली. तैनाती फौज पेशव्यांच्या गळ्यांत पडली. दौलतराव शिंदे व नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांस तो तह मान्य होणें शक्य नव्हतें. होळकर मात्र बाजूस राहिले. इंग्रजांनीं ऑगस्ट १८०३ मध्यें युद्ध पुकारलें. १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला त्यांच्या हातीं गेला. त्याच महिन्यांत ६ तारखेस हैदराबादेस निजामअली मरण पावला होता. शिंदे-भोसल्यांच्या फौजा अजिंठ्याचा घाट चढून दक्षिणेस आल्या. त्यांस अडविण्यासाठीं मेजर जनरल आर्थर वेलस्ली हा गोदावरीच्या अंगानें फिरत होता. कर्नल स्टीव्हन्सन दुसऱ्या फौजेसह उत्तरेस होता आणि त्यानें सप्टेंबरच्या आरंभींच जालन्याचा किल्ला घेतला होता.

२१ सप्टेंबर रोजीं या दोघा इंग्रजांची भेट बदनापुरास झाली. आज त्या गांवावरून आगगाडीनें जाणाऱ्या किती जणांस याची कल्पना असते कोण जाणे. तेथें असें ठरलें कीं दोन्ही फौजांनीं निरनिराळ्या रस्त्यांनीं उत्तरेस जावें आणि २४ तारखेस मिळून हल्ला चढवावा. २३ तारखेस सकाळीं वेलस्ली नळणीच्या मुक्कामीं पोंचला, तों हरकाऱ्यांनीं बातमी आणली कीं मराठ्यांचा तळ दूर नसून अवघ्या सहा मैलांवर आहे. स्टीव्हन्सन तर एक दिवसाच्या अंतरावर. वेलस्लीनें वाट न पाहण्याचें ठरविलें. शत्रु निघून जाईल हें एक भय. आणि आपण थांबलों तर त्याचें घोडदळ आपल्यावरच येऊन पडेल हें दुसरें.

टेकाडावरून त्यानें पाहिलें तेव्हां केळणेच्या पलीकडच्या तीरावर भोकरदनपासून असईपर्यंत कित्येक मैल मराठ्यांची छावणी पसरलेली होती. पश्चिमेस, म्हणजे त्यांच्या उजव्या अंगास, तीस-चाळीस हजार घोडदळ. पूर्वेस, असईच्या बाजूस, शिंद्यांचे कवायती कंपू, सुमारें दहा-अकरा हजार पायदळ, आणि शंभराच्या आसपास तोफा. वेलस्लीजवळ लढण्याजोगे इंग्रजी शिस्तीचे लोक साडेचार हजारांच्या घरांत होते. समोरून नदी ओलांडणें म्हणजे तोफांच्या तोंडीं जाणें. त्यानें पूर्वेकडे वळून मराठ्यांच्या डाव्या बगलेवर जाण्याचें योजिलें. पण नदी कोठून उतरावी?

बरोबरच्या वाटाड्यांनीं सांगितलें, तिकडे उतार नाहीं. येथें वेलस्लीनें जो तर्क केला तो युरोपांत युद्धशास्त्राच्या पुस्तकांतून शिकविला गेला. केळणेच्या दोन तीरांवर एकमेकांसमोर दोन गांवें दिसत होतीं, पिंपळगांव आणि वरूड. (पिंपळगांव हें नांव या भागांत फार, मिरचीच्या बाजारासाठीं प्रसिद्ध असलेलें पिंपळगांव रेणुकाई तें हें नव्हे.) इतक्या जवळ, नदीच्या दोन बाजूंस, दोन गांवें वसलीं आहेत, त्याअर्थीं त्यांच्यामध्यें जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे, असें तो म्हणाला. वाट होती. दुपारीं तीनच्या सुमारास त्याची फौज तोफांसह पलीकडे गेली.

आम्हांस या तर्काचें कौतुक वाटतें, पण त्याचा गौरव करतांना एक गोष्ट विसरली जाते. ज्या बुद्धीची एवढी वाखाणणी झाली ती आपल्याकडील कोणाही गृहिणीस उपजत असते. समोरासमोरच्या दोन गांवांत सोयरीक असते. लेकी दिल्याघेतलेल्या असतात. आठवड्याचा बाजार एका तीरावर आणि गिरणी दुसऱ्या तीरावर असते. मुलगी वरूडला दिली म्हणजे गौरीगणपतीस तिला आणायला जो गाडा जाईल तो कोठून जातो हें पिंपळगांवांतील पोरासही ठाऊक असणार. तो उतार नकाशांत नव्हता, पण माणसांच्या जाण्यायेण्यांत होता. आश्चर्य वेलस्लीनें तो ओळखला याचें नसून, आपल्याच मुलुखांत तळ देऊन राहिलेल्या एवढ्या मोठ्या फौजेनें त्यावर पुरेसा पहारा ठेवला नव्हता याचें आहे. शिंद्यांच्या कंपूंचा सेनापति अँटनी पोलमन हा हॅनोव्हरचा होता; हाताखालचे अधिकारी परदेशी; पायदळांतील शिपाई बहुतेक हिंदुस्थानांतले. त्यांपैकीं केळणेच्या उताराशीं कोणाचा घरोबा असणार? आणि ज्यांचा असूं शकता ते दोघे राजे आपल्या घोडदळासह भोकरदनच्या बाजूस होते.

पुढची लढाई थोडक्यांत सांगतों. वेलस्ली बेचक्यांत शिरला, कारण तेथें दोन नद्यांमधली जागा अरुंद, त्यामुळें शत्रूची मोठी संख्या त्याच्या बगलांवर पसरूं शकणार नव्हती. दोन्ही अंगांस नदी हीच त्याची भिंत. पण पोलमन कांहीं कच्चा नव्हता. दक्षिणेस तोंड करून उभी असलेली आपली सगळी फळी त्यानें तोफांसकट काटकोनांत फिरवून पूर्वेस तोंड करून उभी केली. तिचें एक टोंक केळणेवर आणि दुसरें असईच्या भिंतींशीं. भर युद्धांत अशी फळी फिरविणें हें कवायतींतील अत्यंत अवघड काम, आणि शिंद्यांच्या शिपायांनीं तें बिनगोंधळ केलें. त्यांच्या तोफांनीं जो मारा केला त्यांत इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल व गोलंदाज पडले आणि पायदळास तोफांवांचून पुढें जावें लागलें. केळणेच्या बाजूनें ७८ वी पलटण संगिनी रोखून गेली व तोफांपर्यंत पोंचली. मराठ्यांचे गोलंदाज जागेवरून हलले नाहींत; तोफेपाशींच मारले गेले. जे मेल्यासारखे पडून राहिले होते ते इंग्रज पुढें गेल्यावर उठले आणि तीच तोफ फिरवून त्यांच्या पाठीवर डागूं लागले.

दुसऱ्या टोंकास असईनें इंग्रजांचा फार मोठा बळी घेतला. वेलस्लीनें गांवापासून दूर राहण्यास सांगितलें होतें, पण उजवीकडची तुकडी वाट चुकून सरळ गांवावर गेली आणि तिच्यामागें ७४ वी पलटण. मातीच्या भिंतीआडून व भोंवतालच्या तोफांतून त्यांवर असा मारा झाला कीं ती पलटण जवळजवळ नाहींशी झाली. कर्नल मॅक्सवेल घोडदळ घेऊन धांवला म्हणून उरलेले वांचले. तो स्वतः पुढच्या हल्ल्यांत मारला गेला. संध्याकाळीं पोलमनची फळी जुईकडे मागें सरली, मोडली आणि नदीपलीकडे गेली. बेगम समरूच्या पलटणी मात्र शिस्तीनें परतल्या. सहाच्या सुमारास सारें संपलें होतें. इंग्रजांकडील ४२८ ठार, ११३८ जखमी आणि १८ बेपत्ता झाले. म्हणजे लढलेल्यांपैकीं तिसरा हिस्सा गेला, आणि त्यांत मद्रासकडील देशी शिपाई मोठ्या संख्येनें होते. मराठ्यांचे सुमारें बाराशें लोक रणांगणावर पडलेले मोजले गेले आणि ९८ तोफा शत्रूच्या हातीं लागल्या.

या लढाईंत कोण कोणाच्या बाजूस होतें हें पाहिलें म्हणजे मन विषण्ण होतें. केळणेच्या दक्षिण तीरावर इंग्रजांचा पाठीराखा म्हणून म्हैसूरच्या स्वारांबरोबर पेशव्यांचें घोडदळ उभें होतें. ज्या बापू गोखल्यांनीं फेब्रुवारी १८१८ मध्यें आष्टीस इंग्रजांशीं लढतां लढतां प्राण दिला, तेच या मोहिमेंत पेशव्यांच्या वतीनें वेलस्लीच्या बरोबर होते. वेलस्लीचा सेक्रेटरी म्हणून घोड्यावर त्याच्या शेजारीं असलेला तरुण म्हणजे मौंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन. तोच पुढें १८१९ ते १८२७ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर झाला, आणि त्याच्या नांवाच्या महाविद्यालयांत आपल्या पहिल्या पिढीच्या विद्वानांनीं अध्ययन केलें.

नांवांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. वेलस्लीच्या अंगाखालील एक घोडा गोळीनें मेला आणि दुसऱ्यास भाला लागला. त्या दुसऱ्या घोड्याचें नांव डायोमीड होतें, हें इंग्रजी चरित्रकारांनीं जपून ठेवलें आहे. शिंद्यांचे कारभारी यादवराव भास्कर या लढाईंतील जखमेनें वारले, एवढें त्यांच्या कागदांत येतें. पण फिरून उठलेल्या गोलंदाजांपैकीं एकाचेंही नांव त्यांत नाहीं. ज्यांच्या घरांच्या भिंतीआडून ७४ वी पलटण कापली गेली त्या असईकरांपैकीं कोणाचें नाहीं. गांवें व नद्या तरी नीट लिहाव्या? केळणेची कैटना झाली, जुईची जुआ, भोकरदनचें बोकर्डन. विद्यार्थ्यानें इंग्रजी पुस्तक वाचून नकाशावर कैटना शोधूं लागावें तर ती सांपडणार कशी? आम्ही वर्गांत ही लढाई शिकवीत असूं तेव्हां फळ्यावर आधीं केळणा व जुई या दोन रेघा ओढीत असूं आणि मगच सन-सनावळ्या सांगत असूं. भोकरदनकडचा एखादा मुलगा वर्गांत असला तर तो लगेच उठून सांगे, जुईवर दानापूरला धरण आहे. त्या एका वाक्यानें सबंध वर्गाचें लक्ष लागे.

लढाईचा निकाल केवळ त्या दिवसापुरता नव्हता. २९ नोव्हेंबरास अडगांव, १५ डिसेंबरास गाविलगड, आणि ३० डिसेंबर १८०३ रोजीं सुर्जी-अंजनगांव येथें शिंद्यांचा तह. या तहाचें एक कलम आमच्या जिल्ह्यास फार जवळचें आहे. शिंद्यांनीं अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेकडील आपला मुलूख सोडला. त्यांत जालन्याचा किल्ला व परगणा होता. तो इंग्रजांकडून निजामाकडे गेला. तेथून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ एकशें पंचेचाळीस वर्षें, हा प्रदेश हैदराबादच्या राज्यांत राहिला. पुण्यामुंबईकडे मराठी शाळा, वर्तमानपत्रें, नाटकें वाढत असतां येथें कचेरीची व वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. आमच्या वडीलमंडळींनीं गणित उर्दूंत केलें आणि रामरक्षा घरीं पाठ केली. जी कुटुंबें मुलांस पुण्यास धाडूं शकलीं तीं धाडीत. इतरांचीं मुलें येथेंच राहिलीं. एकाच आडनांवाच्या दोन शाखांत शिक्षणाचें जें अंतर मराठवाड्यांत पुष्कळ घरीं दिसतें, त्याचें एक मूळ त्या बेचक्यांतल्या तीन तासांत आहे असें आमचें मत आहे. १९५६ मध्यें मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला, १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत, आणि १ मे १९८१ रोजीं तेव्हांच्या औरंगाबाद जिल्ह्यांतून मुख्यतः, व परतूर तालुका परभणींतून घेऊन, जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला.

इंग्रजांचे जखमी अजिंठ्यास नेले आणि तेथें इस्पितळ घातलें. ७४ व ७८ या पलटणींस हत्तीचें चित्र असलेलें तिसरें निशाण मिळालें. आपल्या भारतीय सेनेच्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावरील हत्ती त्याच लढाईचा. वेलस्ली त्या वेळीं चौतीस वर्षांचा होता. पुढें तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, त्यानें १८१५ सालीं वॉटर्लूस नेपोलियनचा पराभव केला. आणि म्हातारपणीं कोणीं विचारलें कीं रणांगणावर तुमच्या हातून उत्तम असें काय झालें, तर त्यानें वॉटर्लूचें नांव न घेतां असईचें घेतलें असें सांगतात.

राजूरच्या गणपतीस अंगारकीला जालन्याहून जाणाऱ्या कुटुंबांनीं पुढें भोकरदनपर्यंत जावें, केळणेकांठचें लेणें मुलांना दाखवावें आणि तेथून पूर्वेस वळावें. जाण्यास भाद्रपद-आश्विन हे महिने चांगले. नदींत पाणी असतें, शेतांत कपाशी व मका उभा असतो, आणि लढाई याच दिवसांत झाली. पण ओल्या काळ्या मातींत मोटार घालूं नये. केळणेच्या दक्षिण तीरावर उभें राहून उत्तरेस तोंड केलें म्हणजे समोर बेचकें, त्यापलीकडे जुई व असई, आणि हवा स्वच्छ असेल तर क्षितिजावर अजिंठ्याचा डोंगर. उतार कोठें आहे हें गांवांतील एखाद्या म्हाताऱ्या बाईस विचारावें.